शाळेतल्या मावशी, शिपाईमामा, गृहपाल: मूल ‘विचित्र वागतंय’ तेव्हा नेमकं काय करायचं?

खडूफळा

२५ जुलै २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल देशभरातल्या शिक्षणसंस्थांना सूचना दिल्या. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक पात्र समुपदेशक हवा, ही सूचना बऱ्याच जणांना माहीत झाली. दुसरीबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही: शिक्षक आणि शिक्षकेतर, दोन्ही कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण. त्यात मानसिक प्रथमोपचार, धोक्याच्या खुणा, स्वतःला इजा करणाऱ्या मुलाशी कसं वागायचं आणि पुढे कुणाकडे पाठवायचं, हे सगळं येतं.

‘शिक्षकेतर’ हा शब्द तिथे फार महत्त्वाचा आहे. डबा न उघडता परत नेणारी मुलगी वर्गशिक्षिकेआधी मावशींना दिसते. तास चालू असताना स्वच्छतागृहात अर्धा अर्धा तास कोण बसतं हे शिपायाला ठाऊक असतं. बसमध्ये रोज शेवटच्या सीटवर बसणारा अचानक ड्रायव्हरच्या मागे का बसायला लागला, हे बसमधल्या ताईंच्या लक्षात येतं. ही माणसं डॉक्टर नाहीत आणि त्यांनी डॉक्टर व्हायचंही नाही. त्यांनी काय करायचं हे मात्र नेमकं लिहून ठेवायला हवं, म्हणून हा धागा.

माझ्या मते प्रश्न तीनच, आणि याच क्रमाने. जिवाला आत्ता धोका आहे का? शरीराचं काही बिघडलंय का? हे कुणाला आणि किती वेळात कळवायचं? निदान करणं आपलं काम नाही. आणि ‘नाटक करतोय’ हेसुद्धा निदानच आहे, हे स्टाफरूममधल्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावं.

पांढरी_पेटी

शरीराचं आधी, याला शंभर टक्के अनुमोदन. ‘मनाचं काहीतरी आहे’ म्हणून बाजूला बसवून ठेवलेल्या मुलांपैकी काहींना खरं तर तातडीने दवाखान्याची गरज असते. वारंवार चुकतात ते प्रकार लिहिते.

साखर कमी होणं. मधुमेह असलेलं, इन्सुलिन घेणारं मूल अचानक चिडतं, बरळतं, घामाने भिजतं, हात थरथरतात, कधी शिवीगाळही करतं. कारण बहुतेक वेळा साधं असतं: सकाळी इन्सुलिन घेतलं, परिपाठ लांबला, वर कवायत झाली आणि जेवणाची सुट्टी उशिरा झाली. मूल शुद्धीत असेल आणि गिळू शकत असेल तर चहाचे तीन सपाट चमचे साखर थोड्या पाण्यात विरघळवून लगेच द्या, म्हणजे साधारण १५ ग्रॅम. बिस्किटाने साखर हळू चढते, म्हणून ते नंतर. १५ मिनिटांनी पुन्हा बघा, फरक नसेल तर तेवढीच साखर पुन्हा. सावरल्यावर पोळी किंवा बिस्किटं. शुद्ध हरपलेली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट १०८.

फिट. सगळ्यात आधी घड्याळ बघा. बाक बाजूला सारा, डोक्याखाली दप्तर नको, दुमडलेला रुमाल किंवा स्वेटर ठेवा, गळ्याशी घट्ट बटण असेल तर सोडा. हातपाय दाबून धरू नका. दातखिळीत चमचा घालू नका, दात तुटतो आणि श्वासात अडकतो. कांदा, चप्पल, हातात किल्ली यातल्या कशानेही फिट थांबत नाही, ती बहुतेक वेळा आपोआप दोन-तीन मिनिटांत थांबते म्हणून चपलेला श्रेय मिळतं. झटके थांबले की मुलाला कुशीवर वळवा. पाच मिनिटांहून जास्त चालली, शुद्ध येण्याआधी दुसरी आली, पडताना मार लागला, किंवा आयुष्यातली पहिलीच असेल, तर १०८. एखाद्या मुलासाठी डॉक्टरांनी नाकातला मिडॅझोलामचा फवारा लिहून दिला असेल तर तो कुठे ठेवलाय आणि कधी वापरायचा हे त्या मजल्यावरच्या मावशींनाही माहीत हवं.

फिटनंतरचा काळ जास्त फसवा. दहा मिनिटं ते अर्धा तास मूल गोंधळलेलं असतं, उठून भलतीकडे चालू लागतं, धरलं तर हात झटकतं, मारतंसुद्धा. ज्याने फिट पाहिली नाही त्याला हे ‘वेड्यासारखं’ वाटतं. अडवू नका. सोबत चाला आणि जिना, रस्ता, विहीर यांच्याकडे जाऊ देऊ नका.

एक छोटी फिटही असते. मूल बोलता बोलता पाच-दहा सेकंद थांबतं, नजर स्थिर, पापण्या फडफडतात, आणि काही झालंच नाही असं पुढे चालू. दिवसातून अनेकदा. वर्गात याला ‘लक्ष नाही’ म्हणून ओरडा बसतो. दिवसातून किती वेळा झालं ते मोजून पालकांना सांगा. डॉक्टरला त्या आकड्याचा फार उपयोग होतो.

डोक्याला मार. कबड्डीत आपटला, उठला, खेळला. तासाभराने तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतोय, सुस्त झालाय, उलट्या करतोय. झोपवून ठेवू नका, रुग्णालयात न्या.

निंबोणी

श्रावणात आणि नवरात्रात उपासाच्या मुलींना चक्कर येते, ते नेहमीचं आहे. त्यासाठी पण इतकं सगळं?

पांढरी_पेटी

चक्कर आली तर आडवं झोपवून पाय फूटभर उंच करा, भोवतीची गर्दी हटवा. मिनिटभरात भान आलं, नीट बोलली, तर थोड्या वेळाने पाणी आणि काहीतरी खायला द्या. दोन-तीन मिनिटांत भान आलं नाही, धावता धावता पडली, किंवा छातीत धडधडून पडली, तर उपासावर ढकलू नका. धावताना पडलेल्या मुलाचं हृदय तपासून घ्यावंच लागतं.

माळरान

आश्रमशाळा आणि जमिनीवर गाद्या घालून झोपणारी वसतिगृहं यांच्यासाठी एक भर, आणि ही जीव वाचवणारी आहे. पहाटे तीन-चारला मूल उठतं, पोटात दुखतं म्हणतं, उलटी होते, घसा दुखतो. अधीक्षकांना वाटतं रात्रीचं जेवण बाधलं किंवा शाळा बुडवायचा बहाणा. मग पापण्या मिटायला लागतात, बोलणं जड होतं, मान टाकतं. हा मण्यारचा दंश असू शकतो. मण्यार रात्री, झोपलेल्या माणसाला चावतो, सूज नसते, दुखत नाही, चावल्याची खूण बहुतेक वेळा सापडतही नाही. खूण शोधत बसू नका. ज्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात प्रतिसर्पविष आहे तिथे ताबडतोब न्या, वाटेत श्वासाकडे लक्ष ठेवा. साप चावल्यावर वैद्यकीय उपचार घेऊ न देता मंत्रतंत्र करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. गावातलं कुणी भगताकडे चला म्हणालं तर हे स्पष्ट सांगा.

बोरूबहाद्दर

आणि विषारी काही खाल्ल्याचा संशय असेल तर? मूल ठीक दिसत असेल तर पालकांना बोलावून घरी पाठवावं का?

पांढरी_पेटी

नाही. यावर दोन वेळा विचारलंत तरी उत्तर तेच देईन. काही विषांमध्ये सुरुवातीला मूल अगदी बरं दिसतं. उंदीर मारायच्या काही पेस्टमध्ये पिवळा फॉस्फरस असतो. त्यात पहिल्या दिवशी थोडी मळमळ, मग एक-दोन दिवस सगळं शांत, आणि तिसऱ्या दिवशी यकृत निकामी व्हायला लागतं. तापाच्या पॅरासिटॅमॉलच्या गोळ्या प्रमाणाबाहेर घेतल्यावरही असंच. त्यावरचा उतारा पहिल्या आठ तासांत सुरू झाला तर उत्तम काम करतो, म्हणून ‘उद्या सकाळी बघू’ हे वाक्य इथे घातक आहे.

मीठपाणी पाजून उलटी करवू नका. दूध, अंडं काही नको. डबी, पाकीट, उरलेल्या गोळ्या पिशवीत घालून सोबत न्या. किती वाजता घेतलं आणि किती घेतलं हे विचारा, ते कागदावर लिहा. ‘का घेतलंस’ हे तेव्हा विचारायचं नाही.

दिवेलागण (वसतिगृह)

आता मनाच्या बाजूकडे येते. वसतिगृहात ज्या खुणा दिसतात त्या अभ्यासाच्या वहीत दिसत नाहीत. आवडती वस्तू, घड्याळ, पुस्तकं वाटून टाकणं. सगळ्यांची एकेक करून माफी मागणं. उकाड्यातही पूर्ण बाह्यांचे कपडे. रात्रभर जागं. अंघोळ, कपडे धुणं सुटलेलं. बरेच दिवस खचलेलं मूल एकाएकी एकदम शांत, मोकळं. यातली एक खूण एकटी फारसं सांगत नाही, दोन-तीन एकत्र आल्या किंवा मुलाच्या नेहमीच्या वागण्यापेक्षा दोन आठवडे वेगळं चाललं तर त्याच दिवशी कळवायचं. ‘मी नसेन तेव्हा’, ‘माझा त्रास संपेल’ असं बोललं किंवा लिहिलं, तर एकच खूण पुरे.

मग सरळ विचारा. विचारल्याने डोक्यात कल्पना घुसते हा गैरसमज आहे, उलट मुलाला सुटल्यासारखं वाटतं. वाक्य असं ठेवा: “तुला इतका त्रास होतोय की जगू नये असं वाटतं का?” गोल गोल विचारू नका. ‘तसलं काही मनात नाही ना रे?’ यात ‘नाही’ म्हण असा हुकूमच आहे.

‘हो’ म्हणालं तर पुढचे दोन प्रश्न: काही ठरवलंयस का, आणि कधी. उत्तर काहीही असो, मुलाला एकटं सोडायचं नाही. स्वच्छतागृहातही दार लोटलेलं, आतून कडी नाही, बाहेर माणूस. औषधं आणि धारदार वस्तू खोलीतून बाहेर, गच्चीला कुलूप. ज्या व्यक्तीवर मुलाचा विश्वास आहे ती सोबत बसेल, दुसरी फोन करेल. एकाच माणसाने दोन्ही कामं करायची नाहीत, इथेच गडबड होते: फोन करायला पाच मिनिटं बाहेर गेले आणि मूल खोलीत नाही. रात्री असेल तर पाळी लावा, दोन-दोन तासांची, कोण किती ते किती हे लिहून.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलतात. तिथे मुलानेच बोललं पाहिजे असं नाही, गृहपालही ‘समोर असं असं मूल आहे, काय करू’ विचारू शकतात. पण मुलाने आत्ता स्वतःला इजा केली असेल तर आधी १०८ किंवा ११२.

आणि पोलिसांच्या भीतीने लपवू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम ११५ प्रमाणे असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरलं जातं, तिला शिक्षा होत नाही. लपवल्याने फक्त उपचाराचे तास जातात.

खडूफळा

काय बोलू नये याची यादी प्रत्येक शाळेत तयारच असते: ‘आईवडिलांचा विचार कर’, ‘तुझ्यापेक्षा वाईट परिस्थितीतली मुलं शिकतात’, ‘एवढ्याशा मार्कांसाठी?’. मुलाने विचार केलेलाच असतो आणि आपण ओझं आहोत असंच त्याला वाटत असतं, त्यावर आणखी ओझं कशाला?

बोरूबहाद्दर

अशा मुलाला मुख्याध्यापकांच्या ऑफिसात आणून बसवावं, तिथे सगळे असतात.

दिवेलागण

तिथे नको. बहुतेक शाळांत ऑफिस म्हणजे शिक्षेची जागा. शिवाय तिथे पालक, टीसी घ्यायला आलेले, सगळे बघतात. ग्रंथालयाचा कोपरा किंवा संगणक खोली चालेल. दार उघडं, बाहेरून माणूस दिसेल असं, पण बोलणं ऐकू जाणार नाही. मुलापेक्षा उंच उभं राहू नका, बसा, समोरासमोर नको, थोडं तिरकं. खांद्यावर हात ठेवण्याआधी विचारा.

मारायला धावणाऱ्या, बाक उलटणाऱ्या मुलाच्या बाबतीत मात्र त्याला कुठेच न्यायचं नाही. त्याला ओढत बाहेर काढण्यापेक्षा बाकीचा वर्ग बाहेर काढा. दोन हातांचं अंतर, दार अडवायचं नाही, हात दिसतील असे, बोलणारा एकच माणूस आणि वाक्यं छोटी. स्वमग्न मुलाचा स्फोट असेल तर पंखा, दिवे, आवाज कमी करा आणि गप्प राहा. त्या वेळी प्रश्नांनी भर पडते. त्याला कशाचा त्रास होतो, घंटेचा की गर्दीचा, हे पालकांना जून महिन्यातच विचारून ठेवलेलं असावं.

मुलाला आवाज ऐकू येतात, कुणी मागावर आहे असं म्हणत असेल तर ‘कुणी नाहीये, उगाच काहीतरी’ असा वाद नको आणि ‘हो हो, आहे’ असा होकारही नको. “मला तो आवाज येत नाही, पण तुला भीती वाटतेय हे दिसतंय. मी इथेच आहे.” एवढंच. आणि त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग. सोबत ताप किंवा मान ताठ असेल तर मेंदूज्वर असू शकतो, म्हणजे तातडी आणखी जास्त.

माळरान

‘अंगात येणं’ राहिलं. मुलींच्या वसतिगृहात एकीला होतं, तासाभरात सात-आठ जणी घुमू लागतात, श्वास जोरात, काही जणी बेशुद्ध. आधी पांढरी_पेटी म्हणतात तसं शरीराचं तपासा: सगळ्यांनी एकच जेवण, एकच पाणी घेतलंय का, जवळ फवारणी झाली का, धूर आहे का. ते नसेल तर हा सामूहिक ताण असतो. मुली खोटं करत नाहीत, त्यांना खरोखर तसं होतं.

तो वाढतो बघ्यांमुळे. पहिल्या मुलीला इतरांच्या नजरेआड न्या. बाकीच्यांना वेगवेगळ्या खोल्यांत, तीन-चारच्या गटात, नेहमीच्या कामाला लावा: जेवण, अभ्यास, झाडलोट. एका हॉलमध्ये सगळ्यांना ‘देखरेखीसाठी’ गोळा करणं ही सर्वात मोठी चूक. श्वास जोरात चालला असेल तर चार आकडे मोजत आत, सहा मोजत बाहेर, आपण सोबत करून दाखवायचं. तोंडाला पिशवी लावायची नाही. धूप, अंगारा, नारळ काही नको, भगत तर नकोच. शांत झाल्यावर, दोन-तीन दिवसांनी, एकेकीशी बोला. परीक्षा, घरी ठरलेलं लग्न, एखाद्या मुलीचा मृत्यू, कुणाचा त्रास, काहीतरी मूळ सापडतं.

सुपारीचं_झाड

त्या ‘कुणाचा त्रास’वर थांबते, कारण इथे कायदा लागतो. मुलाने लैंगिक अत्याचाराबद्दल काही सांगितलं किंवा तसा संशय आला, तर पॉक्सो कायदा २०१२, कलम १९ प्रमाणे कुणालाही, म्हणजे शिपायालाही, स्थानिक पोलीस किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. मुख्याध्यापकांना सांगितलं म्हणजे झालं असं कायदा म्हणत नाही. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला मात्र त्याच कलमात संरक्षण आहे. खात्री करून मग कळवू, असं करू नका. खात्री करणं पोलिसांचं काम.

मुलाने सांगायला सुरुवात केली की ऐका. ‘कधी? कुठे? किती वेळा? मग तू ओरडली का नाहीस?’ अशी उलटतपासणी नको. मुलाला एकच गोष्ट पाच जणांपुढे पाच वेळा सांगायला लावली की पुढे जबाबात फरक पडतो आणि मूल गप्प होतं. जे शब्द मुलाने वापरले तेच लिहा, आपले सभ्य शब्द घालू नका. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. म्हणा, “जे मदत करू शकतात तेवढ्यांनाच सांगेन, आणि कुणाला सांगितलं ते तुलाही सांगेन.” मुलाच्या संरक्षणासाठी १०९८. शाळेतल्या सखी सावित्री समितीलाही (विद्यार्थ्यांच्या सुरक्षेसाठीची समिती) कळवा, पण पोलिसांच्या ऐवजी नाही.

संशय घरातल्या कुणावर असेल तर पहिला फोन घरी करायचा नाही.

थेम्सकाठ

इंग्लंडमधल्या शाळांत सुरक्षेची जबाबदारी असलेली एक ठरलेली व्यक्ती असते, आणि ऑफिस, स्वयंपाकघर, मैदान, सगळ्या कर्मचाऱ्यांना सरकारी मार्गदर्शिकेचा ठरलेला भाग वाचावाच लागतो. तिथला वचन न देण्याचा नियमही हाच. भारतात नाव काहीही ठेवा, पण ‘कुणाला सांगायचं’ याचं उत्तर एका व्यक्तीचं नाव असावं आणि ती रजेवर असेल तर दुसरीचं.

बोरूबहाद्दर

नोंद कुठे करायची? शिस्तीच्या वहीत केली की ती दाखल्यापर्यंत मागे लागते.

खडूफळा

शिस्तीच्या वहीत अजिबात नको. वेगळी, पानांना क्रमांक असलेली वही, कुलपात, दोघांकडेच किल्ली. ‘मुलगी विचित्र वागत होती, मानसिक वाटते’ ही नोंद निरुपयोगी आहे आणि अन्यायकारकही. हवी ती अशी:

“इ. ८ वी, हजेरी क्र. १७. स. १०.४०, जिन्याखाली. भिंतीकडे तोंड करून बसली होती, हाक मारल्यावर तिसऱ्या हाकेला वळली. म्हणाली, ‘मला घरी पाठवू नका.’ डाव्या मनगटावर ओरखडे दिसले, रक्त नव्हतं. १०.४५ ला समुपदेशक मॅडमना सांगितलं. ११.१० पर्यंत मी सोबत होते.”

पाहिलं, ऐकलं, वेळ, कुणाला सांगितलं. अंदाज नाही. त्याच दिवशी, घरी जाण्याआधी. स्टाफच्या व्हॉट्सॲप गटावर नाव, फोटो, व्हिडिओ काही नाही. फिट आलेल्या मुलाचं चित्रीकरण डॉक्टरसाठी उपयोगी पडतं, पण ते पालकांना देऊन लगेच फोनमधून काढायचं.

निंबोणी

माझा आधीचा प्रश्न हलका होता, मान्य. एक अडचण खरी आहे: हंगामी वसतिगृहातल्या मुलांचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. दिलेला नंबर लागत नाही, किंवा तो मुकादमाचा असतो.

माळरान

कोयता निघण्याआधीच, म्हणजे ऊसतोडीची माणसं गाव सोडण्याआधीच, तीन नंबर घ्या: आईवडिलांपैकी ज्याच्याकडे फोन राहणार तो, गावात ठेवलेल्या आजी-आजोबांच्या शेजाऱ्याचा, आणि एका नातेवाइकाचा. मुकादमाला फक्त ‘आईला शाळेत फोन करायला सांगा, तातडीचं आहे’ एवढाच निरोप, कारण सांगायचं नाही, नाहीतर संध्याकाळपर्यंत सगळ्या अड्ड्यावर होतं. उपचारासाठी नेताना फोन लागला नाही म्हणून थांबू नका. रुग्णालयाकडे निघा, वाटेत लावत राहा.

पालकाला फोनवर आधी मूल कुठे आणि कसं आहे ते सांगा, मग काय दिसलं ते. “तुमची मुलगी आमच्यासोबत ग्रामीण रुग्णालयात आहे, शुद्धीत आहे, बोलतेय. सकाळी…” ‘लगेच या, फोनवर सांगता येत नाही’ असं म्हणू नका. चारशे किलोमीटरवरून निघालेला बाप रस्त्यात काय काय मनात आणत येईल?

दिवेलागण

परत आल्यावरचंही ठरवा. पहिल्या दिवशी फाटकाशी एक ओळखीचं माणूस, वर्गात ‘आला का बरा होऊन’ असं जाहीर स्वागत नको, आणि औषध दुपारचं असेल तर ते कुणाच्या हातून, कुठल्या कपाटातून, याची चिठ्ठी डॉक्टरांकडून लिहून घ्या. मैत्रिणी विचारतातच, तेव्हा काय सांगायचं हे मुलीलाच विचारा. बहुतेक वेळा ती म्हणते, ‘ताप होता सांगा.’ मग तापच.

बोरूबहाद्दर

वर आलेले क्रमांक मोठ्या अक्षरात छापून लावतो: १०८, ११२, १०९८, १४४१६. निकालातही ते वसतिगृहात, वर्गात ठळक लावायला सांगितलंय ना?

खडूफळा

हो, टेली-मानससह मदतक्रमांक मोठ्या, वाचता येतील अशा अक्षरांत. एक प्रत स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा, कुणी बघत नसताना मुलाला तिथेच तो वाचता येतो. आणि एक प्रत लँडलाइनजवळ, तिच्यावर शाळेचा पूर्ण पत्ता आणि जवळची खूण लिहून. १०८ ला फोन केल्यावर घाईत सगळ्यात आधी तेच आठवत नाही.